वाट्याचा बांध

उधाणाच्या आधी खेकडे बांध पोखरतात. बीळ दिसलं की नुसतं तोंड लिंपून भागत नाही. फावड्याने उकरत त्याच्या मुळापर्यंत जायचं, पेंढा मिसळलेल्या चिखलाचे गोळे आत ठासायचे आणि वरून टाचेने मळायचं. काशीबाई हे करताना बिळाशीच बोलायची.

"कुठवर गेलायस रे मेल्या? पार भातात बिऱ्हाड केलंस की!"

दुसरं बोलायला बांधावर होतंच कोण?

बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला गावाची भातं. पूर्वी दर अवसेच्या आणि पुनवेच्या उधाणाआधी घरटी एक माणूस बांधावर यायचा. प्रत्येक घराचा वाटा ठरलेला, वाटा संपला तिथे खुंटी. चिखल तुडवता तुडवता चेष्टा, शिव्या, एकमेकांच्या घरच्या कालवणाला नावं ठेवणं. मग जगन कंपनीत लागला. "काकी, शिफ्ट हाय गो, आजचा दिवस माझा वाटा बघशील?" काशीबाईने बघितला. मग पोपटने विचारलं. मग कुणी विचारेनासंच झालं. बाया जोह्याला, हमरापूरला गणपती रंगवायला जाऊ लागल्या. काशीबाईचा नवरा नाथा वारला, मुलगा प्रणित रोह्याकडे नोकरीला लागला आणि नदीपलीकडच्या अष्टमी गावात खोली घेऊन राहिला. खुंट्या कुजून पडल्या. काशीबाईला त्यांची गरज नव्हती. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळाच बांध बघायची, आणि कुणाला सांगायचीही नाही. सांगायचं काय त्यात?

यंदा श्रावणातली अवस जवळ आली होती. भात पोटरीला यायचं होतं. काशीबाई गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून परतत होती, तर रस्त्यावर जगनने मोटारसायकल थांबवली. हँडलला डबा लटकलेला.

"काय काकी, चिंबोऱ्या गावल्या काय?"

"बिळं गावली. तुझ्या वाट्याची."

"माझ्या?" जगन हसला. "अगो, आपला बांध फस्ट क्लास हाय. पलीकडच्या गावाला दर साली बांध फुटून खांड जाते, आपल्याला कधी गेली? पक्का बनवलाय सरकारनं."

"तुझा वाटा कुठून कुठवर हाय, सांग बघू."

जगनने खाडीकडे पाहिलं. मग हात हवेत असाच फिरवला. "त्या… तिवरांच्या तिथून असंल ना कायतरी? बाबाला म्हाईत होतं. चल काकी, लेट होतंय."

धूर सोडत तो गेला. काशीबाई रस्त्याच्या कडेला उभीच राहिली. तिला राग यायला हवा होता, पण आली ती भीती. तिचे गुडघे आता बसले की उठायला मागत नव्हते. आज ना उद्या ती थांबणार, आणि त्या दिवशी या गावात आपला वाटा ओळखणारा एकही माणूस नसणार. आणि हे गावाने नाही, आपण केलं. आपण बुजवत गेलो, तशी गावाला बिळंच दिसेनाशी झाली.

संध्याकाळी देवळापाशी माणसं बसली होती, तिथे ती गेली. आपणहून तिथे जाऊन बोलायची तिला सवय नव्हती.

"या अवसेला ज्यानं त्यानं आपापला वाटा बांधायचा. मी माझाच बांधणार."

"काकी, गणपती तोंडावर आलेत," पोपट म्हणाला. "खाडा केला तर मुकादम दारात उभा करायचा नाय."

"गणपती झाले की मीटिंग घेऊ. जेसीबीच सांगू!" दुसरा कुणी म्हणाला.

"गणपतीपर्यंत खाडी थांबणार हाय काय?" काशीबाईने विचारलं.

सगळे हसले. जगनची बायको प्रतिक्षा हातावरचा सोनेरी रंग खरवडत होती. ती मायेनेच म्हणाली, "नका घाबरू काकी. तुम्ही हायत ना!"

ते शब्द काशीबाईला लागले.

दुसऱ्या दिवशी तिने खुंट्या ठोकल्या. मग घरोघर गेली. "तुझा वाटा उंबराच्या खुंटीपासून पाणी सोडायच्या उघाडीपर्यंत. बिळं पडलीत. मी नाय बघणार." कुणी चहा दिला, कुणी "व्हय व्हय" म्हटलं. स्वतःचा वाटा तिने मन लावून बांधला. शेवटचा गोळा ठासून उठली, तर पुढचं पाऊल आपसूक जगनच्या वाट्यात पडलं. तिथे बीळ होतं, मूठभर तोंडाचं. तिने फावडं उचललं. आणि खाली ठेवलं.

इथे राहिलो तर आपल्याच्याने राहवणार नाही, हे तिला तिथेच कळलं. ती घरी गेली, पिशवी भरली, पेणला आली आणि रोह्याची एसटी धरली.

अष्टमीच्या खोलीचं दार उघडून सून दिपिका बघतच राहिली. "आई! तुम्ही? अवसेला?"

प्रणित शिफ्टवरून आला तोही तेच म्हणाला. "आये, इतकी वर्षं बोलवतोय. आज कशी आलीस?"

"आले झालं."

अवसेच्या दिवशी भर दुपारी उधाण. प्रणितला सुट्टी होती. दिपिकाने केळीच्या पानावर खीर-पुऱ्या वाढल्या. काशीबाईने घास मोडला नि तसाच ठेवला. उठून गॅलरीत गेली. खाली कुंडलिका फुगत चालली होती. पुलावरून रिक्षा जात होत्या, समोरच्या गॅलरीत कुणी कपडे वाळत घालत होतं. पाणी चढतंय याकडे एवढ्या मोठ्या वस्तीत कुणाचं लक्ष नव्हतं. बांधावर एकटी असताना तिला कधी एकटं वाटलं नव्हतं. इथे वाटलं.

"आये, झालंय काय?"

तिने सांगितलं. प्रणितचा चेहरा उतरला.

"अगो, पण खांड गेली तर पहिलं आपलं शेत जाईल! सगळ्यांत खोलगट आपलंच हाय."

"म्हाईत हाय."

"मग गप कशी बसलीस?"

"गप मी आजवर बसले, बाळा. परवा बोलले."

"हे काय बोलणं झालं? कुणाला धडा शिकवायला आपलं भात बुडवतेस?"

धडा शिकवायला? असेल. नसेलही. नाथा असता तर काय म्हणाला असता, तेही तिला ठरवता येईना.

भरती ओसरू लागली तेव्हा फोन आला. प्रतिक्षा होती, मागे नुसता आरडाओरडा.

"काकी, खांड गेली! आमच्याच वाट्याला! पाणी आत घुसलं!"

"कोण कोण हाय बांधावर?"

"सगळीच हायत. पोपटभावजी हायत, ह्यांना कंपनीतनं बोलवून घेतलं… काकी, तुम्ही कुठं हायत?"

"येते," काशीबाई म्हणाली.

प्रणित आणि ती गावात पोचली तेव्हा पाणी खाली गेलं होतं. खांडीच्या तोंडाशी माणसांची रांग लागली होती. जगन कंपनीच्या कपड्यांतच छातीएवढ्या खड्ड्यात उतरला होता. मेढी ठोकल्या जात होत्या, चिखलाची घमेली हातोहात पुढे सरकत होती. काशीबाईच्या शेतात खारं पाणी आरशासारखं साचलं होतं. त्यात भाताची पाती अजून हिरवीगार दिसत होती. चार दिवसांत ती करपणार हे सगळ्यांना माहीत होतं. पोपटचं शेतही गेलं होतं, आणि प्रतिक्षाचं अर्धं.

जगनने मान वर करून तिला पाहिलं.

"आलीस?" जगन खालून म्हणाला. डोळे लाल. "तू असतीस तर हे झालं नसतं, काकी."

"व्हय," काशीबाई म्हणाली. "नसतं झालं."

"ठाऊक होतं ना तुला? बीळ बघितलं होतंस ना?"

"बघितलं होतं. सांगितलंही होतं."

कुणी तिची बाजू घेतली नाही. प्रणितने पँट दुमडली आणि जगनशेजारी उतरला. काशीबाई रांगेकडे गेली. नेहमी 'काकी, बसा हो' म्हणणाऱ्या बायांपैकी एकीनेही तिला बसायला सांगितलं नाही. प्रतिक्षा जराशी सरकली, तेवढ्या जागेत ती उभी राहिली. भरती परत फिरायच्या आत खांड बांधून व्हायला हवी होती.

प्रतिक्षाने तिच्याकडे न बघता भरलेलं घमेलं पुढे केलं.

"धरा."