आठापुढचा चार

टेम्पोत कपाट चढवून झाले तरी माझा धाकटा भाऊ गजा चांदीपच्या घराच्या ओट्यावर बसूनच होता. मी निघालो तेव्हा त्याने विचारले, "दादा, तुला खरंच कायपन ठाऊक नव्हतं?"

"मला वरून सांगतात तेवढंच," मी म्हणालो आणि विरारला राहायला आलो.

गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखे उठून फ्लॅटमध्ये गेलेल्यांनी हे वाचावे. त्या दिवशी मी खोटे बोललो.

तेव्हा मी ठेकेदाराकडे रंगारी होतो. अहमदाबाद हायवेवरचे किलोमीटरचे दगड रंगवायचो. हा रस्ता आम्हाला आठ नंबरचाच माहीत. पुढे देशभरच्या महामार्गांना नवे आकडे दिले आणि आठाचा अठ्ठेचाळीस झाला. शिरसाड फाट्यावर हायवेच्या साहेबांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून मला समजावले. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. आपण पश्चिमेला, म्हणून आकडा मोठा. "रस्ता हलत नाही, नुसता नंबर बदलतोय," ते म्हणाले.

गावाला हे कोण सांगणार? रुंदीकरणाच्या वेळी हायवेच्या झाडांवर आधी आकडे पडले, मग करवत आली. त्यामुळे दगडांवर नवा आकडा दिसताच जो तो म्हणू लागला, आता जमिनी जाणार. आमचे भाताचे शेत हायवेला लागून होते.

"तूच रंगवतोस, तूच सांग," गजा म्हणाला. "आपलं शेत जानार का?"

मला विरारच्या फ्लॅटची घाई होती, पैसे शेत विकूनच येणार होते आणि शेत दोघांच्या नावावर होते. "रस्त्याकडची जमीन सोडू नका," हे बाबांचे शब्द गजाने धरून ठेवले होते. भीती घातल्याशिवाय तो सही करणार नव्हता. "सरकारचं काय सांगता येतं?" एवढेच मी म्हणालो. शेत विकले गेले. मी विरारला आलो, आणि शेताशिवाय गावात करायचे काय म्हणून गजाही जूचंद्रला भाड्याच्या खोलीत गेला, वॉचमन झाला. शेतात आता गोदाम आहे. रस्ता होता तिथेच आहे.

पोलिओवाल्या बायांनी दारावर खडूने खूण केली की गजा ओल्या फडक्याने लगेच पुसतो. मीटर बघायला आलेल्याकडे दोनदा ओळखपत्र मागतो. त्याची बायको हसते, मला हसू येत नाही. आमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटची मीटिंग असली की मीही गप्प बसणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहतो. गप्प माणूस काय काय लपवतो, हे मला माहीत आहे.

गेल्या रविवारी जूचंद्रला जाऊन सगळे सांगितले. नकाशा, साहेब, माझी घाई. गजाने कप खाली ठेवला आणि माझ्या पिशवीकडे बघितले.

"आता कशावर सही पायजे, दादा?"

मी पिशवी त्याच्यापुढे उलटी केली. सुके बोंबील होते, त्याच्यासाठीच आणलेले. तरी त्याने पिशवीत हात घालून चाचपून पाहिले.

कोणी गाव विचारले की मी आजवर चांदीप सांगत होतो. रविवारपासून विरार सांगतो. चांदीप गजाचे. मी गप्प बसलो म्हणून तो तिथे राहत नाही.