अर्धा सूर वर

कॅसेटच्या कव्हरवर गायकाचा फोटो असायचा, संगीतकाराचं नाव असायचं, गीतकाराचंही असायचं. बेस गिटार कोणी वाजवली हे मात्र कुठेच नसायचं. नव्वदच्या सुमारास पनवेलमध्ये आम्ही तीन वेडे त्या न छापलेल्या नावावरून रोज भांडायचो.

तिघांतला पहिला मी, बी.कॉम. होऊन घरी बसलेला. दुसरा दादा; नात्यातला नव्हे, सगळी गल्लीच त्याला दादा म्हणायची. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, एसटी स्टँडमागच्या गल्लीत रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचा. तिसरा उरणकडचा एक कोळी मित्र. तो हळदीच्या कार्यक्रमांना बेंजो पार्टीत बेस वाजवायचा आणि पनवेलला मासळी पोचवायला आला की दुकानात टेकायचा. त्याच्या गिटारीच्या कव्हरला बोंबलाचा वास यायचा. आम्ही नाक मुरडलं की तो म्हणायचा, “लक्ष्मीचा वास हाय तो, तुमाला नाय कळायचा.”

बेस गिटारीला चारच तारा. माझे वडील दर आठवड्याला न चुकता विचारायचे, उरलेल्या दोन कुठे गहाण टाकल्यास? लोकांना गाण्यात बेस ऐकूच येत नाही. तो काढून घेतला की गाणं पोकळ वाटतं, एवढंच त्यांना कळतं. त्यामुळे आमचं प्रेम कोणाला समजावून सांगायची सोयच नव्हती, आणि ते सगळं आम्ही एकमेकांवर ओरडण्यात खर्च करायचो.

वाद वाद्यावरून व्हायचे. माझी गिटार कलकत्त्याची, पावसाळ्यात तिची मान वाकायची. जपानी गिटार आम्ही एकदाच, एका कार्यक्रमात, विसाव्या रांगेतून पाहिली होती, पण तिच्या लाकडाबद्दल दादाचं मत ठाम होतं. मित्र म्हणायचा, “हात पायजे हात. लाकडाला काय कळतंय?” दादा म्हणायचा, लाकडालाच कळतं, तुलाच कळत नाही. नव्या तारा परवडायच्या नाहीत, म्हणून जुन्या तारा पाण्यात उकळून त्यांचा मळ काढायचा, म्हणजे त्या महिनाभर पुन्हा बोलतात. हे सगळेच बेसवाले करतात. मी आईच्या दुधाच्या पातेल्यात उकळल्या तेव्हा घरात दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही.

पण खरी भांडणं व्हायची ती वादकांवरून. नावं माहीत नसल्यामुळे आम्ही त्यांना वाजवण्यावरून ओळखायचो. एक होता तो ठोक्याला केसभर उशिरा यायचा आणि तेच गोड लागायचं. एक होता तो गायिका गायला लागली की गप्प बसायचा. आणि एक होता तो सगळ्यांचा बाप. त्याला आम्ही नुसतं ‘आपला माणूस’ म्हणायचो. त्याची बोटं पळायची. त्याचा प्रत्येक सूर आखूड, घट्ट, जिथल्या तिथे दाबलेला. दादाने त्यावरून एक सिद्धांतच काढला होता. आपला माणूस उघडी तार कधीही वाजवत नाही. उघडी तार म्हणजे डाव्या हाताचं बोट न ठेवता छेडलेली तार. ती आपोआप लांबवर घुमत राहते. दादाच्या मते ते आळशाचं काम होतं. “बोट टेकवायचे कष्ट नकोत, मग वाजवताय कशाला? घरी जाऊन झोपा की.” मी उघडी तार वाजवली की तो माझ्या मनगटावर स्क्रूड्रायव्हर मारायचा. माझ्या बोटांना फोड आले, फुटले, तिथे कातडं निबर झालं, आणि उघडी तार मी पार विसरलो.

हे सगळं ऐकायचो ते दादाच्या टेपवर. घरच्या टेपमध्ये बेस म्हणजे डबा वाजवल्यासारखा यायचा. दादाचा टेप मोठा होता, त्याने कमावलेल्या पहिल्या पैशांतून घेतलेला. तो कधी बिघडला नव्हता, म्हणून दादाने तो कधी उघडला नव्हता.

त्या वर्षी मला एका जागी बसवत नव्हतं. वडिलांनी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये मला चिकटवून दिलं होतं. एक तारखेपासून जायचं होतं. मला तिथे जायचं नव्हतं, आणि न जायला माझ्याकडे कारण नव्हतं. रात्री पाय हलवत पडायचो, सकाळी उगीच सुकापूरपर्यंत सायकल हाणून परत यायचो. अशात मित्राने बातमी आणली. दादरच्या एका ऑर्केस्ट्रातला बेसवाला आखातात निघून गेला होता, जागा रिकामी होती. चार गाणी बसवून रविवारी या, असा निरोप होता. वडील म्हणाले, “एक तारखेच्या आत काय तो उजेड पाड. मग मुकाट्याने कामाला लागायचं.” मधे दोन रविवार होते. त्या दोन रविवारांवर माझं सगळं टांगलेलं होतं.

दादाने मला चारही गाणी बसवून दिली. तो माझ्याहून चांगला वाजवायचा. खरं सांगायचं तर मी प्रत्यक्ष ऐकलेल्या कोणाहीपेक्षा चांगला वाजवायचा, आणि तरी दुकानाबाहेर कधीच वाजवायचा नाही. मी एकदा कारण विचारलं होतं. वायरींना सोल्डरिंगचा डाग देता देता वर न बघता म्हणाला, “गेलो होतो एकदा मुंबईला, तुझ्याएवढा असताना. ते म्हणाले, हात आहे पण कान नाही. झालं. कान काय बाजारात मिळतो?”

रविवारी दादरच्या एसटीत गिटार मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, हिचं हाफ तिकीट काढू का? मला हसू आलं नाही. दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम होती. की-बोर्डवर चाळिशीच्या एक बाई होत्या, आणि सगळा कारभार त्यांच्याच हातात दिसत होता. त्यांनी पहिलं गाणं सांगितलं आणि म्हणाल्या, “पांढरी सहा.” गाणं पेटीच्या कुठल्या पट्टीवरून सुरू करायचं ते असं सांगतात. मी दचकलो. आम्ही तेच गाणं काळी पाचमध्ये बसवलं होतं. पेटीवर या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी आहेत, मध्ये फक्त अर्ध्या सुराचं अंतर. पण अर्धा सूर चुकला की एकत्र वाजवणं म्हणजे दाराच्या फटीत बोट सापडल्यासारखं होतं. माझा हात सवयीने काळी पाचवरच गेला आणि पहिल्या चार ठोक्यांतच सगळे थांबले.

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं डोकं लगेच तापतं. मी म्हणालो, “मूळ गाणं काळी पाचमध्ये आहे. तुम्ही खाली उतरवलंय.” गिटारवाला खुदकन हसला. मी आणखी चढ्या आवाजात म्हणालो, “रोज ऐकतो मी. पैज लावा.” बाई उठल्या, त्यांच्या टेपवर तीच कॅसेट लावली आणि सोबत की-बोर्डची पांढरी सहा दाबून धरली. दोन्ही सूर एकमेकांत मिसळून गेले. मग त्यांनी काळी पाच दाबली, आणि मला कानावर हात ठेवावेसे वाटले.

“तुमच्याकडे टेप पळतो, भाऊ. वेगात फिरला की सूर चढतो,” बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत, ही त्यांची कृपा. “हात चांगला आहे तुमचा. नीट बसवून पुढच्या रविवारी या.”

परतीच्या एसटीत मला कोणाचा राग आला होता ते ठरवता येईना. वाशीचा पूल संपेपर्यंत मी बाईंवर चिडलो, मग स्वतःवर, आणि मग सगळा राग दादावर जाऊन बसला. घरी न जाता तडक दुकानात गेलो. दादा आणि मित्र चहा पीत बसले होते. मी आल्या आल्या म्हणालो, “तुझा टेप पळतो.”

दादा हसला. “आख्ख्या पनवेलचे टेप मी नीट करतो आणि माझा पळतो?”

मी त्याच्या खणातून पिच पाईप काढला. गिटारीच्या तारा सुरात लावायची ती छोटी शिट्टी. गिटार आम्ही नेहमी तिच्यावरच लावायचो, त्यामुळे गिटार बरोबर असायची, टेप चुकीचा. पण गाणं सुरू असताना ती शिट्टी फुंकून बघायचं कधी कोणाला सुचलंच नव्हतं. मी फुंकली. टेप स्वच्छ अर्धा सूर वर होता. दादा म्हणाला, शिट्टी खराब आहे. मी गिटारीची तार छेडली, तीही शिट्टीशीच जुळली. दादा उठला, आयुष्यात पहिल्यांदा तो टेप उघडला, आणि मोटरच्या पाठीमागे वेगाचा स्क्रू असतो त्या बारीक भोकात स्क्रूड्रायव्हर घालून थोडं थोडं फिरवत गेला. मी शिट्टी फुंकत राहिलो. सूर जुळला तिथे तो थांबला. कॅसेट मागे घेतली आणि गाणं पहिल्यापासून लावलं.

गाणं संथ चालू लागलं. आपल्या माणसाची बोटं पळत नव्हती. तो सावकाश, भरपूर जागा ठेवून वाजवत होता. आणि दुसऱ्याच ओळीला त्याने तार उघडी सोडली. ती घुमली, घुमत राहिली, गायिकेने श्वास घेतला तरी घुमत होती. पुढच्या ओळीला पुन्हा सोडली. अर्धा सूर चढल्यावर तो सूर कुठल्याच उघड्या तारेवर बसत नव्हता, म्हणून इतकी वर्षं आम्हाला तो दाबलेला वाटला होता.

“यो दुसराच कोनतरी हाय,” मित्र म्हणाला.

“तोच आहे,” दादा म्हणाला.

मित्राच्या डोक्यात मग भलताच प्रकाश पडला. “गिऱ्हाइकांच्या टेपचा स्पीड तुमी कशावरून लावता?” दादा दुरुस्त केलेला प्रत्येक टेप आपल्या टेपशी ताडून बघायचा, हे आम्हाला माहीत होतं. म्हणजे पनवेल, विचुंबे, थेट खाडीपर्यंत लोक इतकी वर्षं अर्धा सूर चढवून गाणी ऐकत होते. मित्र पोट धरून हसला. “आमच्या बेंजोवाल्याचा टेपही तुमीच बनवलाय! तरी म्हटलं, नवरीची आई वरच्या सुरात का किंचाळते!” मीही हसलो. हसता हसता माझा राग कुठल्या कुठे गेला. दादा हसत नव्हता.

मित्र उरणच्या बसला पळाला. दादा तसाच त्या उघड्या टेपकडे बघत बसला होता. मग म्हणाला, “मी तेव्हा गेलो ना मुंबईला, तेव्हा गाणी याच्यावरच बसवली होती.”

मला कळायला क्षणभर लागला. म्हणजे त्याचीही गाणी तिथे अर्धा सूर चढीच वाजली असणार.

“त्यांनी कॅसेट लावून दाखवली नाही मला,” तो म्हणाला. “तुझ्यासारखा मी भांडलोही नाही. ‘बरं सर’ म्हणून निघून आलो.” मग अगदी हळू, “म्हणजे कान होता रे.”

त्याने माझी गिटार घेतली आणि तेच गाणं पांढरी सहामध्ये वाजवलं. कसलीही तयारी नाही, पहिल्यांदाच. तार कुठे सोडायची, किती घुमू द्यायची, कुठे तळव्याने विझवायची, सगळं त्याच्या हाताला आधीच ठाऊक असल्यासारखं. मला आनंद व्हायला हवा होता. मला मत्सर वाटला. इतका सरळ मत्सर मला त्याआधी कधी वाटला नव्हता. मला दिसत होतं की त्या हॉलमध्ये हा माणूस बसला, तर माझ्याकडे कोणी वळूनही बघणार नाही.

गिटार परत देताना तो सहज विचारल्यासारखं म्हणाला, “त्यांचं वयाबियाचं काही आहे का रे?”

बाईंनी वयाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. ड्रमवर साठीचे एक आजोबा होते, त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. मला तळोज्याचं फाटक दिसत होतं.

“पंचविशीच्या आतलाच पाहिजे म्हणाले,” मी म्हणालो.

“बरोबर आहे,” दादा म्हणाला. “स्टेजवर पोरंच शोभतात.” आणि त्याने टेपचं झाकण लावायला घेतलं.

पुढचा आठवडाभर त्याने दुकान लवकर बंद करून चारही गाणी मला नव्याने बसवून दिली. उघडी तार सोडायला शिकवली. रविवारी मी गेलो आणि जागा मला मिळाली. तळोज्याला मी कधीच गेलो नाही.

तीनेक महिन्यांनी आमचा कार्यक्रम पनवेललाच होता. दादा पहिल्या रांगेत होता. संपल्यावर स्टेजमागे आला, मला मिठी मारली, सगळ्यांना म्हणाला, माझा चेला आहे. ड्रमवाले आजोबा घाम पुसत पुढे आले आणि त्याच्याशी हात मिळवून म्हणाले, “तुम्हीपण वाजवता? मग आमच्याकडे का नाही आलात? आम्ही दोन महिने माणूस शोधत होतो.” दादाने त्यांच्या पांढऱ्या भुवयांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी वायर गुंडाळत होतो, गुंडाळतच राहिलो. “दुकान असतं ना,” तो त्यांना म्हणाला. मला म्हणाला, “छान वाजवलंस.” आणि सायकल काढून निघून गेला.

तो मला कधी काही बोलला नाही. बोलला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडण मला जमतं. पुढे मी सात वर्षं वाजवलं. मधे एकदा घरचा टेप बिघडला, तेव्हा तो उचलून, दादाच्या गल्लीला वळसा घालून मी वाशीला नेला, आणि दुरुस्त होईपर्यंत दोन तास तिथल्या दुकानाबाहेर उभा राहिलो.