पिठाच्या हाताची सही

आमच्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी दोन वर्षं अध्यक्ष होते, आणि त्यातल्या पहिल्या दीड वर्षात शाळेच्या फाटकाच्या आत जेमतेम तीनदा गेले असेन. त्यातल्या दोन वेळा झेंडावंदनाला. हे सांगताना लाज वाटते, पण सुरुवात इथूनच करावी लागते.

झालं होतं असं. समितीत निम्म्या बायका हव्यात, असा नियम आहे. मुख्याध्यापकांना गावात नुसतं 'सर' म्हणतात. सरांनी माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना विचारलं. आबा म्हणाले, आमची सून बारावी झालेली आहे, तिचं नाव टाका. बारावी झालेली दुसरी कोणी नव्हती, म्हणून अध्यक्षही मीच. मला हे कळलं ते पेढा हातात आल्यावर.

काम काय, तर सही. आमचं घर मळ्यात, गावापासून पायी अर्ध्या तासावर, पण दोंडाईच्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून. सर रोज तिकडूनच मोटरसायकलवर ये-जा करत. महिन्यातून एकदा संध्याकाळी घरी जाता जाता ते आमच्या अंगणात थांबायचे, पिशवीतून प्रोसिडिंगचं लांबडं रजिस्टर काढायचे आणि म्हणायचे, "ताई, तेवढी सही." सभा झालेली नसायची. सभेचं लिखाण मात्र पूर्ण असायचं: विषय क्रमांक एक, दोन, तीन, सूचक कोण, अनुमोदक कोण, सर्वानुमते मंजूर. ती वेळ नेमकी माझी भाकरी थापायची. चुलीपुढून उठायचं, पदराला हात पुसायचा, दाखवतील तिथे सही करायची आणि तव्यावरची भाकरी करपायच्या आत परत यायचं. वाचलं एकदाही नाही. उलट मनातून बरं वाटायचं, की चला, आपल्या सहीसाठी कोणी गाडी थांबवतंय.

समितीतल्या बाकीच्या बायकांचंही तेच. कुणाची सही ओट्यावर व्हायची, कुणाची गोठ्याच्या दारात. एक म्हाताऱ्या अक्का होत्या, नातीच्या पालक म्हणून आलेल्या. त्या अंगठा द्यायच्या आणि शाई भिंतीला पुसायच्या.

आता मुलीचं सांगते. ती त्याच शाळेत सातवीला होती. रोज सकाळी मी तिची लाल झाकणाची पाण्याची बाटली काठोकाठ भरून द्यायचे. आमच्याकडे होळीच्या आधीच ऊन असं तापतं की दुपारी अनवाणी अंगण ओलांडता येत नाही. तरी संध्याकाळी बाटली जशीच्या तशी भरलेली परत यायची. ते पाणी मी मोरीजवळच्या कढीपत्त्याला घालायचे. वाया गेलं नाही, याचं समाधान! झाड असं फोफावलं होतं की शेजारच्या मळ्यातल्या बायका पानं मागून न्यायच्या. मुलगी शाळेतल्या माठातलं गार पाणी पीत असेल, असं मी धरून चालले. एवढी शिकलेली आई, पण एकदा विचारावंसं वाटलं नाही.

मग ती आजारी पडली. थंडी वाजून ताप, ओटीपोटात कळा, लघवीला जाऊन आली की रडायची. दोन दिवस धण्याचं पाणी वगैरे करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी आम्हा दोघींना गाडीवर बसवून दोंडाईच्याला डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं आणि विचारलं, "पाणी किती पितेस गं?"

"घरी पिते."

"आणि शाळेत?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "शाळेत नाही. प्यायलं की मग जावं लागतं."

"मग जायचं. त्यात काय?"

"कुलूप असतं."

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या, "संसर्ग झालाय. गोळ्यांनी जाईल. पण हे असंच परत परत होत राहिलं तर किडनीवर जातं. पोरीच्या तापावर माझ्याकडे औषध आहे, कुलपावर नाही." गाडीवर मागे बसून मी हिशेब करत होते. साडेनऊला घर सोडते, साडेपाचला परत येते. आठ तास.

घरी आबांनी सगळं ऐकून घेतलं. आबा दुष्ट नाहीत. नातीवर त्यांचा जीव आहे, पण त्यांचा प्रेमाचा रस्ता नेहमी घराकडेच येतो. म्हणाले, "पोरगी मोठी व्हयनी. शाळामा सोय नही, मंग कसाले धाडस तिले? जवय सोय व्हई, तवय धाडजो." आणि सोय होईपर्यंत शाळा नाही, असं ठरवून त्यांनी तिचं दप्तर उचलून खुंटीला टांगलं. तिचे वडील आबांपुढे बोलत नाहीत. ते गाडी पुसायला बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. सरांना काय काय बोलायचं, याची वाटभर उजळणी केली होती, आणि माझी जीभ तशी धारदार आहे. माहेरी सगळ्यांना माहीत आहे, सासरी ती मी बरीच वर्षं म्यान करून ठेवली होती. मुलींचं शौचालय दाखवा म्हटल्यावर सरांनी किल्ली काढली आणि शाळेमागे नेलं. मुलींच्या शौचालयाच्या भिंतीवर रंगीत फुलपाखरं, दाराला पितळी कुलूप. आत लादी कोरडी ठणठणीत, एक डाग नाही, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. ठेवणीतली साडी असते ना, तसं ते जपून ठेवलेलं होतं, पाहुण्यांसाठी.

"वरच्या टाकीला तडा गेलाय, ताई," सर म्हणाले. "पाणी नाही, झाडायला माणूस नाही. उघडं ठेवलं तर दोन दिवसांत आत पाय टाकवत नाही. तपासणीला चांगलं दिसावं लागतं."

"मग दुरुस्ती का नाही मागितली?"

त्यांनी फाईल काढली. तीन अर्ज केले होते. तिन्ही परत आले होते, आणि तिन्हींवर एकच शेरा: समितीच्या इतिवृत्तानुसार शौचालय वापरात आहे, तरी मागणीचे कारण स्पष्ट करावे.

"इतिवृत्त दाखवा," मी म्हणाले.

रजिस्टर उघडलं. विषय क्रमांक चार, दर महिन्याला, त्याच शब्दांत: मुलींचे शौचालय सुस्थितीत असून नियमित वापरात आहे. सर्वानुमते मंजूर. खाली माझी सही. बऱ्याच पानांवर सहीच्या शेजारी पांढरट खरखरीत डाग होता. मी नखाने खरवडून पाहिलं. ज्वारीचं पीठ होतं.

"खरं लिहिलं तर मला नोटीस येते," सर हळू आवाजात म्हणाले. "म्हणून लिहितो वापरात आहे. आणि वापरात आहे म्हटल्यावर दुरुस्ती मिळत नाही."

वाटभर घोकलेलं एकही वाक्य मला वापरता आलं नाही. माझ्या मुलीने आठ-आठ तास तहानलेलं राहावं, याला मीच मंजुरी दिली होती. एकदा नाही, महिन्याच्या महिन्याला, सर्वानुमते. परतताना रडू येईल असं वाटलं, पण राग आला. बरं झालं. रडण्यापेक्षा राग माझ्या जास्त कामी येतो.

पुढच्या वेळी रजिस्टर अंगणात आलं, तेव्हा मी हात धुऊन बाहेर गेले आणि म्हणाले, "सही नाही. शाळेत सभा घ्या. सगळ्या बायकांना बसवा. मग सही."

सरांना आधी ती थट्टा वाटली. नंतर गयावया केली. वर्षअखेर होती, बरेच कागद अध्यक्षांच्या सहीवाचून अडले होते. दोन दिवसांनी पंचायतीच्या वतीने समितीत असलेले एक भाऊ मळ्यात आले, खाटेवर टेकले, चहा प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, कसाले इतलं ताणतस? सही करी टाका." मी त्यांना दुसरा चहा दिला, सही दिली नाही. गावात बोलणं सुरू झालं, की बारावी बाईच्या डोक्यात गेली. आबा दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

घरात मुलगी भाकरी थापायला शिकत होती. गोल जमायला लागली तसं आबा कौतुकाने दुसरी मागून घ्यायचे, आणि मला तो घास गिळवत नव्हता. सातवीची परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. एका दुपारी खुंटीवरच्या दप्तराकडे बघत ती म्हणाली, "आई, मी शाळेत पाणी नाही पिणार. एक घोटसुद्धा नाही. पण मला जाऊ दे ना." मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी उठले, चपला घातल्या आणि बायकांच्या घरी निघाले.

पाच घरं, पाच अडचणी. एकीचा नवरा नको म्हणत होता, एकीकडे गहू काढायला माणूस नव्हतं. तिसरी म्हणाली, "मंग सयपाक कोन करी?" मी प्रत्येकीला एवढंच विचारलं, तुझी पोरगी संध्याकाळी घरात आली की पहिल्यांदा कुठे पळते? त्यावर कोणी हसलं नाही. एकीने तर लगेच सांगितलं, की तिची मोठी महिन्यातले चार दिवस शाळेत जातच नाही. मला वाटायचं, हे फक्त माझ्याच घरचं आहे.

सभेला सगळ्या आल्या. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर, आणि मधली हाताची खुर्ची रिकामी, ती अध्यक्षांची. मी त्या खुर्चीवर बसले. बसताना साडीच्या निऱ्या घट्ट धरून ठेवल्या. अक्का सतरंजीवरून म्हणाल्या, "आते वाची दखाड, मना अंगठा कसावर लिधा व्हता."

अक्कांचा अंगठा ज्याच्यावर घेतला होता, तो विषय क्रमांक चार मी वाचला. पान उलटून परत वाचला. परत पान उलटलं. पहिल्या दोनदा कोणीतरी हसलं. चौथ्यांदा वाचल्यावर ते दोन चहा प्यायलेले भाऊ म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी. खरं बाहेर काढशात ते सर अडचणमा येतीन. आनि त्यावर सही तुमनीच शे."

"म्हणूनच," मी म्हणाले. "सर, लिहा. मागच्या सगळ्या सभांमधला विषय चार खोटा आहे. सभा झाल्या नाहीत. अध्यक्षांनी न वाचता सह्या केल्या."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी लिहिलं. आणि कोणी न सांगता खाली आणखी एक ओळ लिहिली: 'ते मजकूर मी, मुख्याध्यापकाने, स्वतः लिहिले.' त्या ओळीचं अक्षर जरा वाकडं आलं आहे. ते पान मी आजही कधीमधी काढून बघते. सरांविषयी मनात जे काही होतं, ते त्या वाकड्या अक्षराने बरंच धुऊन निघालं.

खाली मी सही केली. पूर्ण वाचून, कोरड्या हाताने.

त्याचे परिणाम झालेच. आम्हा दोघांकडून खुलासे मागवले गेले. माझा दोन ओळींचा होता: तेव्हा वाचत नव्हते, आता वाचते. सरांना त्यांच्या साहेबांपुढे उभं राहावं लागलं. पण कागदावरचं आणि जागेवरचं एकदाचं जुळलं, आणि चौथा अर्ज परत आला नाही. नवी टाकी यायला दिवाळी उजाडली हे वेगळं. तोवर कोण थांबतंय? सभा संपायच्या आत भाऊंनी पंचायतीकडून पाइप आणि मोठा ड्रम कबूल केला होता. पाण्याची सोय कबूल होईपर्यंत मी सगळ्यांसमोर खुर्चीतच बसून राहिले होते, त्यांना दुसरं सुचणार काय? ड्रम भरणं आणि झाडणं आम्ही वारांवर वाटून घेतलं. सोमवार अक्कांनी मागून घेतला. शनिवार दोन पुरुष सभासदांकडे गेला, आणि पहिल्या शनिवारी ते इकडे तिकडे बघत झाडू मारत होते, ते बघायला आम्ही मुद्दाम गेलो. पितळी कुलूप मी घरी आणलं. ते आता चाऱ्याच्या खोलीला आहे.

आबांना मी काही सांगितलं नाही. ते एक दिवस स्वतःच काठी घेऊन शाळेत गेले. मी लांबून बघत होते. त्यांनी ड्रममध्ये हात घालून पाणी पाहिलं, दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं. मग मला हाक मारून विचारलं, "कडी आतून लागस का?"

"लागस, आबा."

घरी येऊन त्यांनी खुंटीवरचं दप्तर काढलं, धूळ झटकली आणि नातीच्या हातात दिलं. परीक्षेला दहा दिवस उरले होते.

पहिल्या दिवशी बाटली जवळजवळ भरलेलीच परत आली. सकाळी मी ती पुन्हा काठोकाठ भरून दिली. दुसऱ्या दिवशी अर्धी आली. परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी ती फाटकातूनच ओरडत आली, पेपर सोपा गेला म्हणून, आणि दप्तर टाकून तिने माझ्यापुढे बाटली उपडी धरली. थेंबसुद्धा पडला नाही. "आई, आणखी एक बाटली देत जा," ती म्हणाली.

त्या आठवड्यात कढीपत्ता जरा सुकला होता. आता त्याला मी वेगळं पाणी घालते.