समासाला चिकटलेल्या ओळी

त्या ब्लॉगचा मला आजही राग येतो. ब्लॉग माझाच आहे, त्यामुळे राग काढायला दुसरं कुणी सापडत नाही.

सीमाभागातल्या औरादला मी कॉम्प्युटर शिकवतो. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या नोट्स इंग्रजीत मिळतात, शोधल्या तर कन्नडमध्येही मिळतात. घरी मराठी बोलणाऱ्यांसाठी मात्र कुणी लिहीत नव्हतं, म्हणून मी ब्लॉगवर लिहायला घेतलं. एक प्रोग्रॅम आणि खाली मराठीत समजावणी. लिहायच्या खिडकीत सगळं देखणं दिसायचं. 'प्रकाशित करा' दाबलं की मी चहाला मोकळा. ते पान एकदा मोबाइलवर उघडून बघावं, एवढी अक्कल मला नव्हती.

पायथनमध्ये ओळीच्या आधी सोडलेली जागा हाच नियम आहे. अटीखालची ओळ चार घरं आत लिहायची, नाहीतर प्रोग्रॅम चालतच नाही. आणि ब्लॉगचं पान ही जागा सरळ गिळून टाकतं. ती राखायची तर कोडच्या आधी आणि शेवटी एक छोटी खूण टाकावी लागते. मी टाकली नव्हती. सगळ्या ओळी डावीकडे येऊन एका रांगेत उभ्या राहिल्या. खाली प्रतिक्रिया काय, तर 'छान सर', 'खूप उपयुक्त सर' आणि हात जोडल्याची चित्रं. एकानंही चालवून पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे नोट्स चालवून बघत नाहीत, वहीत उतरवून पाठ करतात. फळ्यावर मी ओळी आत घ्यायचो, पण फळा पुसला जातो. सरांनी लिहून दिलेलं ते खरं, ही इथली रीत. तिचाही मला संताप येतो.

ठाणाकुशनूरहून एक बाई शिकायला येत. दोन लेकरांची आई, माहेर मराठी, सासर कन्नड. गावाजवळच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा निघाली होती आणि प्रमाणपत्र असेल तर ती त्यांना मिळणार होती. सासऱ्यांनी त्यासाठी एकच वर्ष दिलं होतं. लॅबमध्ये दोघींत एक कॉम्प्युटर, त्यात टाइप बहुतेक दुसरीच करायची. म्हणून यांचा सगळा भर वहीवर. अक्षर सुरेख, आणि प्रत्येक ओळ तांबड्या समासाला चिकटलेली. त्या वहीवर मी न वाचता सही केली होती. वर 'उत्तम' असा शेराही मारला होता.

परीक्षेत त्यांचा प्रोग्रॅम चालला नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नापास केलं आणि ते निघून गेले. मी बाईंवरच घसरलो. वर्षभर काय शिकलात, ओळी आत का घेतल्या नाहीत, असं सगळ्यांसमोर विचारलं. त्यांनी मोबाइल काढला आणि माझाच ब्लॉग माझ्यापुढे धरला. मी तो पहिल्यांदाच तसा पाहत होतो.

"ओळ संपली की कॉम्प्युटर आपनहून आत जायलता, सर," त्या म्हणाल्या. "मीच दरखेपी त्याला मागं आनायलते. तुमच्या नोटमंदी तसं न्हाई म्हून."

त्याच दुपारी मी सगळी पानं दुरुस्त केली. तासाभराचंही काम नव्हतं. बाई पुन्हा आल्या नाहीत. दुरुस्त केलेल्या पानाखाली कुणीतरी लगेच लिहिलं, 'छान सर'. ते मी पुसून टाकलं.