कावळा कुठल्या पिझ्झ्याला शिवला

आईला कामशेतच्या बेकरीतला पिझ्झा आवडायचा, मलाही. भाऊ मात्र लोणावळ्याच्या लाकडी भट्टीतल्या पिझ्झ्यावर फिदा. तिथे पुणेकर तासभर रांग लावतात. कशासाठी, देव जाणे! निम्मा करपलेला असतो. घरात यावरून कायम भांडण.

आईच्या दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंडाशेजारी तिच्या आवडीचं ठेवायचं होतं. भावाने तिथेही हट्ट सोडला नाही, दोन्हीकडचा एकेक तुकडा मांडला. एरवी मी त्याला तिथेच झापलं असतं. त्या सकाळी काहीच वाटत नव्हतं, रडूही येत नव्हतं.

कावळा आला आणि थेट कामशेतच्या तुकड्याला शिवला. आपण जिंकलो, हे सांगायला मी सवयीने आईला फोन लावला. तो भावाच्या पिशवीत वाजला.