चायना ग्रासचं फायबर

“या रेशमासाठी किड्यांचं काय करता?” ट्रस्टीसाहेबांनी विचारलं.

“कोशासकट उकळतात,” मी म्हणाले.

मीटिंग तिथेच संपली.

दोन हजार आठ-नऊचा सुमार. कोन गावात एका गोडाऊनमध्ये आमचं युनिट होतं. डॉक्टरांच्या दिव्यांसाठी आम्ही ऑप्टिकल फायबर बनवायचो, म्हणजे उजेड एका टोकातून दुसऱ्या टोकाला नेणारी बारीक तार. सर्जन भोईर मॅडमना खोल जखमेत उजेड सोडून उपचार करायचा होता. नेहमीची काचेची तार त्यांना नको होती. “आत तुटली तर पेशंटला पुन्हा कापू का?” शरीराला सोसेल असं मटेरियल हवं होतं. खर्च हॉस्पिटलचा जैन ट्रस्ट करणार होता. म्हणून मी रेशमाचं फायबर केलं होतं. चांगलं चाललंही होतं.

त्या मीटिंगहून परतताना गाडीत आमचे मालक कदमसर म्हणाले, “खरं सांगायलाच हवं होतं?”

“सर, त्यांनी विचारलं.”

“मग जिलेटिन?”

“हाडांपासून बनतं.”

सर म्हणाले, “हे काम गेलं तर रिसर्च बंद. तू पॅकिंगला.”

मला चायना ग्रास आठवलं. समुद्री शेवाळापासून बनतं. रमजानात त्याचं पुडिंग करतात. निजामपुऱ्याच्या बाजारात घ्यायला गेले.

“पुडिंग बनाना है, मॅडम?”

“नहीं, तार.”

दुकानदाराने पुढे काही विचारलं नाही.

पहिलं फायबर गढूळ निघालं. उजेड आत गेला, बाहेर आलाच नाही. मग लॅबमध्ये वापरतात ते शुद्ध चायना ग्रास मागवलं. आता उजेड बाजूंनी गळायला लागला. तो आत कोंडायचा तर गाभा दाट आणि वरचा थर विरळ लागतो, म्हणजे कडेवरून तो आत परततो. गाभ्यात ग्लिसरीन घातलं. वनस्पतीचं. एवढं मी शिकले होते.

डेमोला ट्रस्टीसाहेबांच्या तळहातावर उजेडाचा लाल ठिपका उमटला. त्यांनी हात हलवलाच नाही.

“यात कोणाचा जीव गेला नाही ना?”

“नाही.”

“मंजूर.”

भोईर मॅडमनी टेबलाखाली माझा हात दाबला. मग म्हणाल्या, “आता सशांवर चाचणी घेऊ.”

“सशांवर?” ट्रस्टीसाहेबांनी विचारलं.

“माणसात घालायच्या आधी प्राण्यांवर बघावंच लागतं.”

“नंतर सोडता त्यांना?” त्यांनी विचारलं.

 

“नाही,” मॅडम म्हणाल्या.

ट्रस्टीसाहेबांनी माझ्यापुढे हात जोडले. “बेन, काम फार सुंदर आहे. पण हे माझ्याच्याने होणार नाही.” त्यांचे डोळे खरंच भरले होते.

भोईर मॅडमनी दुसरा ट्रस्ट शोधून पाहिला, पण मिळाला नाही. मी पॅकिंगला गेले. राग पुष्कळ आला, पण कोणावर काढायचा ते ठरेना. मॅडमचे पेशंट खरे होते, ससेही खरे होते.

पुढे रिसर्च पुन्हा सुरू झाला. आता नवीन काम आलं की मटेरियलचं मी नंतर बोलते. शेवटची चाचणी कशावर करायची, हे पहिल्याच मीटिंगला विचारते. बरीच कामं तिथेच जातात. वेळ वाचतो.