अनुदानापुरते वाचक

आमच्या बिबवेवाडीतल्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालबाई कुणाला 'या' म्हणत नाहीत. चष्म्यावरून बघत विचारतात, "अरे वा, तुम्ही वाचता?"

परवा मात्र त्या चक्क रस्त्यावर उभ्या! सरकारी तपासनीस येणार होते आणि वाचनकक्ष ओस दिसला, तर अनुदान बंद होणार होतं.

"अहो, रिकामेच दिसताय. आत बसा," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली मेथीची जुडीच जप्त केली. आत इस्त्रीवाले, दोन आजोबा आणि एक रिक्षावाला आधीच बसवलेले होते. बाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक रहस्यकथा कोंबली. "माना खाली! अधूनमधून पानं उलटा."

तपासनीस आले. बाईंनी ओठांवर बोट ठेवून त्यांनाच गप्प केलं. ते भारावून, चवड्यांवर चालत बाहेर पडले.

"उठा आता, गेले ते!"

कुणी हलेना. बाहेर रिक्षावाल्याचं गिऱ्हाईक हाका मारून दमलं. माझ्या पुस्तकात तर जहागीरदार नुकताच कोसळला होता.

बाईंनी एकेकाच्या हातून पुस्तक शांतपणे काढून घेतलं, मला मेथी परत दिली आणि म्हणाल्या, "खुनी कोण, ते आम्ही फक्त सभासदांना सांगतो."